बुकित बातोकचा स्कीपटू

३ नोव्हेंबर, सोमवार
नव्या रीजनल हेड आल्या. लिओनी ग्राडवोल. ऑस्ट्रियन. वय एक्केचाळीस. बँकेच्या धंद्यात येण्याआधी त्या स्की रेसर होत्या म्हणे, थेट देशाच्या टीममध्ये. उजव्या पायाने किंचित लंगडतात. मला फक्त लिओनी म्हणा, असं सगळ्यांना सांगितलं. मी मॅडमच म्हणणार. आदर दाखवण्यात कुणाचं काही जात नाही.

मग बातमी दिली. आमचं निम्मं काम पुण्याच्या ऑफिसात हलणार. आमच्या टीमचे मॅनेजर दोन, मी आणि राजस. सिंगापुरात एकच राहणार. कोण, ते २८ तारखेला. तोवर दोघांनीही एकेक रिपोर्ट द्यायचा: नवी सिस्टिम सुरू करताना आपापल्या भागात काय काय चुकू शकतं.

राजस बत्तीस वर्षांचा. भर मीटिंगमध्ये, मला कळलं नाही, परत सांगा, असं म्हणतो. माझी इथे अकरा वर्षं झाली. माझी मुलगी जाई सेक थ्रीला, म्हणजे नववीत आहे, पुढच्या वर्षी तिची ओ लेव्हल, म्हणजे इथली दहावीची बोर्डाची परीक्षा. तिला आत्ता उचलून पुण्याच्या शाळेत घालणं म्हणजे वेडेपणा. तशी वेळ येणारच नाही. घाबरण्यासारखं काही नाही. दुपारी जेवण गेलं नाही, पण तो लक्सा, नूडल्सचा रस्सा, फारच तिखट होता.

४ नोव्हेंबर, मंगळवार
नशीब! मॅडम माझ्या डेस्कपाशी थांबल्या आणि मनालीचा फोटो उचलून पाहिला. लाल कोट, गमबूट, पायाखाली स्की, मागे बर्फाचा डोंगर. स्कीइंग करतोस का, असं त्यांनी विचारलं. पूर्वी करायचो, असं मी म्हणालो. डाउनहिल की स्लालम, असं विचारलं. डोंगर खालच्या दिशेने होता हे मला पक्कं आठवत होतं. डाउनहिल म्हणालो.

फोटो त्यांनी बराच वेळ निरखला. छाप पडली.

फोटो घरी नेऊन अनघाला सांगितलं तर ती पोट धरून हसली. म्हणाली, निशी, तो आपल्या हनिमूनच्या टूरमधला फोटो आहे, त्यातून तू मला कापून टाकलंयस, आणि कोट भाड्याने देणाऱ्या माणसाने तुला मागून पट्ट्याला धरलंय, त्याची बोटं दिसतायत. मी भिंग घेऊन पाहिलं. माहीत नसेल तर ती बोटं वाटत नाहीत.

६ नोव्हेंबर, गुरुवार
मॅडमच्या करिअरचा इंटरनेटवरून अभ्यास केला. तिसऱ्या वर्षी पायात स्की. चौदाव्या वर्षी डोंगरातल्या स्कीच्या शाळेत. एकोणिसाव्या वर्षी वर्ल्ड कप. पुढे उजवा गुडघा गेला, परत आल्या. परत गेला, परत आल्या. जागतिक स्पर्धेत चौथा नंबर, पदक चार शतांश सेकंदांनी हुकलं. सत्ताविसाव्या वर्षी तिसरं ऑपरेशन आणि निवृत्ती.

ताशी एकशे वीस किलोमीटरने माणूस दोन फळ्यांवर उभा राहून डोंगर उतरतो. व्हिडिओ पाहिले. एका व्हिडिओत मॅडम पडतात. पडतात म्हणजे बराच वेळ पडतच राहतात. तो पूर्ण पाहिला नाही, जाईला लॅपटॉप हवा होता.

संकल्प: रोज शंभर उठाबशा.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
उठाबशा अकरा. सुरुवात सावकाश करावी.

९ नोव्हेंबर, रविवार
सकाळी बुकित बातोकच्या टेकडीवर सराव. गुडघे वाकवून, कंबर मागे, हात पुढे, अशा थाटात उतार उतरलो. ताई चीचा व्यायाम करणाऱ्या एका आंटीने थांबवलं आणि, अंकल, टॉयलेट दॅट साइड, असं हात करून दाखवलं. सांगितल्याबद्दल तिचे आभार मानले आणि त्याच थाटात त्या दिशेने गेलो. गत्यंतर नव्हतं.

१२ नोव्हेंबर, बुधवार
जुराँग ईस्ट स्टेशनवर मेट्रो बदलताना सरकत्या जिन्यावर हात न धरता, गुडघे वाकवून उभा राहिलो. तोल उत्तम. फक्त पुढच्या बाईच्या पिशवीत बसलो.

ऑफिसात मीटिंग संपताना मॅडमना म्हणालो, तुमचा तो चौथा नंबर ग्रेट होता, मीही दहावीला शाळेत चौथाच होतो. मीटिंग रूम एकदम गार पडली. एसी फार ठेवतात. मॅडम म्हणाल्या, त्या चौथ्या नंबरासाठी मी बारा वर्षं दिली. मीही म्हणालो, मॅथ्सने घात केला. आमच्यात काहीतरी समान आहे हे आता त्यांच्या लक्षात आलं असणार.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
मेल आला. शनिवारी २२ तारखेला सगळ्या टीमने इनडोअर स्कीइंगला जायचं. सिंगापुरात बर्फ नाही म्हणून मी निर्धास्त होतो. पण या लोकांनी उताराचा एक भलाथोरला गालिचा केलाय, तो खालून वर फिरतो आणि माणूस जागच्या जागी उतरत राहतो. म्हणजे उतार संपतच नाही. असली कल्पना सुचते कुणाला?

मेलच्या शेवटी मॅडमनी लिहिलंय: निशिकांत आपल्याला डाउनहिल दाखवील.

मनगटावरचं घड्याळ नाडी एकशे बारा दाखवतंय. खुर्चीत बसून. बॅटरी उतरली असावी.

१७ नोव्हेंबर, सोमवार
रिपोर्ट दिला. काय चुकू शकतं, या रकान्यात सगळीकडे लिहिलं: काही नाही. खरं तर तीन-चार जागा मलाही दिसतायत. पगाराच्या फाइल्स जुन्या सिस्टिममधून नव्या सिस्टिममध्ये जाताना दोनदा जाऊ शकतात. पण ते लिहिलं की वाटणार, याला जमत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

राजसने त्रेचाळीस गोष्टी लिहिल्या. त्रेचाळीस! शिवाय शेवटी, यातल्या सहांचं काय करायचं ते मला माहीत नाही, असंही लिहिलंय. भित्यापाठी ब्रह्मराक्षस. बिचारा. पुण्यात घर शोधायला त्याला मदत करीन.

१९ नोव्हेंबर, बुधवार
कोपऱ्यावरच्या क्लिनिकमध्ये गेलो. गुडघा दुखतो, शनिवारपर्यंतचं एमसी, म्हणजे आजारपणाच्या रजेचं सर्टिफिकेट, द्या, असं डॉक्टरांना म्हणालो. त्यांनी दोन्ही गुडघे दाबले, वाकवले आणि, व्हेरी गुड नीज, असं म्हणाले. आयुष्यात प्रथमच कुणी माझे गुडघे वाखाणले आणि तेही नको त्या आठवड्यात. मग चष्मा काढून विचारलं, काही काळजी आहे का? नाही म्हणालो. झोप लागते का? लागते म्हणालो. त्यांनी एमसी दिलं नाही, पाणी भरपूर प्यायला सांगितलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
पाणी भरपूर प्यालो. त्यामुळेच झोप येत नाहीये.

जाईने विचारलं, बाबा, आर यू ओके? मी म्हणालो, उद्याच्या रेसचा विचार करतोय. ती इथल्या लोकांसारखं शेवटी लाह लावून म्हणाली, जस्ट टेल देम यू कॅनॉट, लाह. पोरांना नोकरी म्हणजे काय ते कळत नाही. तिच्या टेबलावर पुढच्या वर्षीची पुस्तकं आत्ताच कव्हर घालून ठेवलीयत. मी दार लोटून घेतलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार
झालं ते तटस्थपणे लिहितो.

गालिचा फोटोत दिसतो त्यापेक्षा उभा आहे. समोर धरायला एक आडवा दांडा. स्कीचे बूट इतके घट्ट की घोटा आपला राहत नाही. मैत्रेयी, आमची टेस्टर, काठावर बसून सगळ्यांचे व्हिडिओ घेत होती.

सुरू करण्याआधी मॅडमनी गोल करून उभं केलं. म्हणाल्या, रेसच्या सकाळी आम्ही तो उतार आधी हळूहळू, आडवे घसरत उतरायचो. कुठे उंचवटा आहे, कुठे कडक बर्फ आहे, ते बघायचो आणि खाली आल्यावर आपल्याला कुठे भीती वाटते ते एकमेकींना सांगायचो. तर आज प्रत्येकाने आपली भीती सांगा.

मैत्रेयी म्हणाली, मला घसरताना नाही, थांबताना भीती वाटते. राजस म्हणाला, सगळ्याचीच वाटते, त्यात चष्मा फुटला तर मला तुम्ही कोणीच दिसणार नाही. सगळे हसले. मॅडमसुद्धा. त्याने इन्स्ट्रक्टर बाईंचा दंड शेवटपर्यंत सोडला नाही, तीनदा पडला आणि तिन्ही वेळा स्वतःच हसला.

मी म्हणालो, मला कशाचीच नाही.

मॅडमनी परत विचारलं. मी परत तेच म्हणालो. मग त्या इन्स्ट्रक्टर बाईंना म्हणाल्या की याला नेहमीचा वेग द्या.

नेहमीचा म्हणजे कुणाचा, ते विचारायचं राहिलं. गालिचा सुरू झाला. मी दांडा धरला. पाय वर निघाले, मी दांड्यापाशीच राहिलो. अंकल, लेट गो, डोंट फाइट, लाह, असं इन्स्ट्रक्टर बाई ओरडत होत्या. सोडणं शक्यच नव्हतं, हात माझं ऐकत नव्हते. आई गं, असं कोणीतरी मराठीत ओरडलं. राजस असावा. मग गालिचा बंद झाला आणि मी पालथा.

मॅडम लंगडत आल्या आणि माझ्या शेजारी गालिच्यावरच बसल्या. बाकीच्यांना चहा प्यायला पाठवलं. म्हणाल्या, माझा गुडघा तिसऱ्यांदा गेला त्याच्या आदल्या दिवशीच तो दुखत होता. कोचने विचारलं तेव्हा, काही नाही, असं सांगितलं, कारण माझी जागा घ्यायला दुसरी मुलगी उभी होती. ते दोन शब्द बोलले नसते तर कदाचित अजून चार वर्षं मिळाली असती.

मग अगदी हळू विचारलं, निशिकांत, तू कधी स्कीइंग केलंयस?

त्या फार चांगल्या आवाजात विचारत होत्या. खरं सांगता आलं असतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण जाईची ती कव्हर घातलेली पुस्तकं डोळ्यांपुढे आली आणि मी म्हणालो, या प्रकारच्या गालिच्यावर नाही.

त्या माझा खांदा थोपटून उठल्या.

२३ नोव्हेंबर, रविवार
अंग ठणकतंय. पण शांतपणे विचार केला तर कालचा दिवस वाईट गेला नाही. राजस तीनदा पडला, मी एकदाच. खांदा थोपटला तो माझा, त्याचा नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
राजस राहतोय.

मॅडमनी केबिनमध्ये बोलावून स्वतः सांगितलं. स्कीइंगचा याच्याशी संबंध नाही, असं म्हणाल्या. माझा रिपोर्ट समोर होता. म्हणाल्या, चाचणीत पगाराच्या फाइल्स दोनदा गेल्या, तुला ते आधी दिसलं नव्हतं का? दिसलं होतं, असं मी म्हणालो. या महिन्यात त्यांच्याशी बोललेलं पहिलं खरं वाक्य. त्यांनी रिपोर्ट मिटला. मग म्हणाल्या, ज्याला भीती दिसते पण जो सांगत नाही, त्याच्या मागे उतारावर मी कुणाला पाठवू शकत नाही. जानेवारीपासून पुणे. काम चांगलं आहे, पगारही बरा आहे. राग आला नाही. राग येईल म्हणून थांबलो होतो.

बाहेर राजस भेटला. त्याचेच डोळे भरले होते. म्हणाला, सर, मला वाटलं तुम्हीच राहणार. मी त्याला चहा पाजला.

३० नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळ
दोन दिवस घरी कुणाला सांगितलं नाही. भाषण तयार केलं: प्रमोशन, पुण्याच्या टीमचा प्रमुख, मोठं घर, आजी-आजोबा जवळ.

अनघा मार्केटला गेली तेव्हा जाईला समोर बसवलं. प्रमोशनपर्यंत आलो. तिने मध्येच विचारलं, बाबा, वुई आर गोइंग बॅक, इज इट? हो म्हणालो. ती पुस्तकाच्या कव्हरची कड नखाने उलगडत बसली. मग म्हणाली, आय अॅम स्केअर्ड. तिथली पोरं हसतील माझ्या मराठीला.

मी म्हणणार होतो, वेडी का, त्यात घाबरण्यासारखं काय आहे. म्हणालो नाही. मलाही भीती वाटते, असं म्हणालो. गेला महिनाभर वाटतेय. आता जास्त वाटतेय. हे बोलताना आवाज फाटला आणि मी चक्क रडलो, मुलीसमोर. तिने पाठीवरून हात फिरवला. खूप बरं वाटलं.

मग लिफ्टचा आवाज झाला. अनघाला अजून काहीच माहीत नव्हतं. तिला कोणी सांगायचं, असं मी जाईला विचारलं. ती उठून आपल्या खोलीत गेली आणि दार लावता लावता म्हणाली, नॉट मी, लाह.