पहिला खांदा आणि पिलाटीज

६ जानेवारी
शिमग्याला दोन महिने. गावच्या पालखीचा पहिला खांदा आमच्या घराचा. गेल्या वर्षी सात पावलांत कंबर धरली. चुलतभाऊ काशीरामदादा आज परत म्हणाला, किशोर, यंदा नाय जमला तर मान आमच्या घरात दे. त्याचं वय बासष्ट, तंबाखूची पिचकारी मारत बोलतो. किळस येते.
महाडच्या फिजिओथेरपिस्ट आफिया मॅडम म्हणतात, पिलाटीज करा. पोट-पाठीचे आतले स्नायू बळकट होतात, तोल सुधारतो, खेळाडूही करतात. मी कॉलेजात कबड्डीच्या राखीव संघात होतो. म्हणजे खेळाडूच.

९ जानेवारी
पोलादपूरहून एसटीने महाड. पहिला क्लास. शी. मॅटला आधीच्या माणसाच्या घामाचा वास. आडवं पडून श्वास सोडायचा, बेंबी आत ओढायची. माझी जात नाही. मॅटच निसरडी आहे. पाठ दुखते म्हणून बायकोही आली. सोनालीला उगाच प्रत्येक गोष्टीत सोबत लागते.

१० जानेवारी
विश्रांती. स्नायू विश्रांतीतच वाढतात.

२१ जानेवारी
पाय वर धरून हात शंभर वेळा हलवायचे. माझे चाळीस झाले, पण दर्जेदार. सोनालीचे शंभर झाले. घाई करते. शेजारी हसनभाई, त्यांचे मोजे माझ्या नाकाशी. जेवण गेलं नाही.

४ फेब्रुवारी
क्लास सोडला. त्या मोज्यांत माणूस सुधारणार कसा? सोनाली जाते, आल्यावर मला सगळं सांगते. मी कॉटवर पडून नीट ऐकतो. डोक्यात पद्धत पक्की बसली की शरीर मागून येतंच.

१८ फेब्रुवारी
सोनालीने भरलेला सिलिंडर एकटीने आत नेला. पूर्वी कळशी उचलताना कण्हायची. मी आतून सांगितलं, श्वास सोड. ती शेगडीला सिलिंडर जोडायला लागली. कृतज्ञता राहिलीच नाही.

२ मार्च
सासुरवाडीला वडे-सागोती. चौदा वडे. खांद्याला वजन हवंच.

१५ मार्च, सकाळी
काल पालखी उठली. पिलाटीजचा नियम, प्रत्येक हालचाल सावकाश. मी सावकाश श्वास सोडला. पालखी जागच्या जागी. ढोलवाला वाजवता वाजवता माझ्याकडे बघायला लागला. मागच्या खांद्याला मुंबईहून आलेला भरत. तो म्हणाला, काका, जरा हाला तरी. हाललो. पाचव्या पावलाला कंबरेत कळ, डोळ्यांपुढे अंधारी. काशीरामदादा हात पुढे करून तयारच.
त्याच्याआधी सोनाली आली. ओटीचं ताट माझ्या हातात दिलं, पदर खोचला आणि खांदा घातला. गावकीतले म्हातारे एकमेकांकडे बघत राहिले. राहीकाकू तेवढी बोलली, नाचव गो, खांदा घराचा हाय, बाप्याचाच पायजे असा कुठं हाय. सोनालीने ढोलाच्या तालावर पालखी तीन फेऱ्या नाचवली. कण्हली नाही, थांबली नाही. गावकीने मान आमच्याच घरात ठेवला. पुढच्या वर्षीसाठी नाव सोनालीचं.
स्वतःची किळस आली. हे इथेच लिहितो.
तिन्ही फेऱ्या होईपर्यंत मी ताट धरून उभा होतो. नारळ, तांदूळ, पेटतं निरांजन. काशीरामदादाने विचारलं, जड हाय काय रे. मी ताट जराही हलू दिलं नाही. तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं.