कोपऱ्यातल्या फळीवर सोडलेलं पाणी

तीर्थस्वरूप ताईस,

तुझ्या धाकट्या आणि तुझ्या मते जन्मजात धांदरट भावाचा खालच्या मजल्यावरून नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? जावईबापूंचा खोकला गेला का? आणि आमची नवी नात कुणाला झोपू देते का, की आवाजाच्या बाबतीत आजीवर गेली आहे? मी ठणठणीत आहे. तू धावत यावंस असं इथे काहीही घडलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचता वाचता उठून बॅग भरायला लागणार नाहीस.

आता तुझी ऑर्किडं. अगं, मी घड्याळजी माणूस. जन्म गेला लोकांच्या घड्याळांत शिरलेलं पाणी बाहेर काढण्यात, आणि तू जाता जाता माझ्याच हाती बादली दिलीस! बरं, झाडं तरी धड असावीत? ना कुंडी, ना माती. लाकडाच्या फळीला दोऱ्याने बांधून भिंतीवर टांगलेली. (वीज मोजायला आलेल्या माणसाने एका फळीवर टोपी अडकवली होती. मी त्याला असा झापला की तो आकडे न घेताच गेला.) माती नाही म्हणजे ओल धरून ठेवायला कुणी नाही, म्हणून रोज सकाळी फळी बादलीत बुडवायची, पांढरी मुळं हिरवी झाली की काढायची, निथळू द्यायची, आणि अंधार पडायच्या आत ती खडखडीत वाळली पाहिजेत, नाहीतर सडतात. हे सगळं तू जिन्यात उभं राहून, खाली टॅक्सीवाला हॉर्न बडवत असताना सांगितलंस. मी मान डोलावली. न कळलेल्या गोष्टीला मान डोलावण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

तू म्हणालीस, तापमान बघत जा, पंधराच्या खाली गेलं की झाडं आत घे. मी लगेच औषधवाल्याकडून तापमापक आणला. पहिल्याच कडाक्याच्या सकाळी तो एकेका झाडाच्या काखेत (म्हणजे पान आणि खोडाच्या बेचक्यात) लावून पाहिला, तर पारा जागचा हलेचना. आता तो पस्तिसाच्या खालचं काही दाखवतच नाही, हे मला काय ठाऊक! सगळी गेली, असं वाटलं. तसाच औषधवाल्याकडे गेलो आणि म्हटलं, अंग बर्फासारखं गार पडलंय, काय देऊ? त्याने पेशंटचं वय विचारलं. पुढचं लिहीत नाही. तेव्हापासून माझी पद्धत सोपी आहे. मला स्वेटर घालावासा वाटला की झाडं आत. मला तो बारा महिने वाटतो, त्यामुळे तुझ्या दिवाणखान्यात सध्या वाकून चालावं लागतं.

त्याच दिवाणखान्यात तुझ्या लेकीने घर विकायला पाठवलेला दलाल परवा गिऱ्हाईक घेऊन आला. नवराबायको भली वाटली. फळ्यांची आंघोळ नुकतीच आटोपली होती, सगळीकडून टपटप चालू होती, आणि जमिनीवर तळं. बाईंनी वर बघून विचारलं, हे रोजच गळतं का? मी खरं तेच सांगितलं, थंडीत दिवसातून एकदा, उन्हाळ्यात दोनदा. त्यांनी विचारलं, यावर उपाय? म्हटलं, उपाय कशाला, गळणं थांबलं तर काळजी करायची. मी झाडांबद्दल बोलत होतो, त्या छपराबद्दल ऐकत होत्या. नवऱ्याने बूट हातात घेतले आणि दोघं जिना उतरून गेलेसुद्धा. दलाल त्यांच्यामागे धावला.

आता मुद्द्याचं. मागच्या गॅलरीच्या कोपऱ्यात एक फळी आहे, कधीच न फुललेली. निघताना तू म्हणालीस, "त्या कोपऱ्यातल्या फळीवर मी पाणी सोडलंय, तिच्याकडे बघू नकोस." मी ते सरळ घेतलं. मला वाटलं, पाइपवाल्याला बोलावून तू टाकीतून बारीक नळी काढली असशील आणि तिच्यावर पाणी सोडलं असशील. हुशार आहे ताई, म्हणालो, आणि बघितलं नाही. थंडी आली, गेली, सगळी आत, ती बाहेरच.

गेल्या आठवड्यात तुझा फोन आला. म्हणालीस, "आता त्या घरावरही पाणी सोडावं म्हणते." फोन ठेवला, आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. घरावर कुणी नळी सोडत नाही! पळत वर गेलो. नळीबिळी काही नव्हती. अख्खी थंडी ते झाड थेंबभर पाण्यावाचून लटकत होतं, आणि त्याला द्राक्षांच्या घोसासारखी पिवळीधमक फुलं आली होती. ज्या रोपवाटिकेतून तू ते आणलंस तिथली बाई म्हणाली, या जातीला हिवाळाभर थंडी आणि कोरडच लागते, तेव्हा कुठे कळ्या धरते. इतकी वर्षं तू तिला रोज न्हाऊ घालून, आत घेऊन, लाडाने बिघडवत होतीस. मी हसलो, आणि मग एकट्यानेच हसतोय हे लक्षात आल्यावर थांबलो.

बाकी सर्व क्षेम. सावकाश ये, किंवा नको येऊस, तुझी मर्जी.

तुझा,
धांदरट

ता. क. : फुलं जेमतेम दोन आठवडे टिकतात म्हणे. फोटो मागू नकोस, मिळणार नाही.

आणखी ता. क. : दलाल यायच्या आधी फोन करतो. फळ्यांची आंघोळ मी मुद्दाम त्याच वेळेला ठेवली होती. छपराबद्दल विचारतायत, हेही मला कळलं होतं.

शेवटचं : वरून तुझ्या सपातांचा आवाज येत नाही, तर मला करमत नाही गं. घरावर पाणी सोडायचंच असेल, तर इथे येऊन सोड. बादली भरून ठेवली आहे.