पाहणीचा मंगळवार

टसकोना, जॉर्जिया
शनिवार, १७ मे

प्रिय थर्मन,

हे पत्र फेकून देऊ नकोस, शेवटपर्यंत वाच. फोन केला असता, पण तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी पाऊसपाण्याचं बोलून ठेवून देतोस. आईच्या ऐंशीव्या वाढदिवसाला तू आलास, तिच्याशेजारी बसलास, तिला हसवलंस, आणि जेवायच्या वेळी खिशातून पेट्रोल पंपावरचं सँडविच काढलंस. माझ्या टेबलावर, मी केलेल्या नऊ पदार्थांसमोर, त्याचं प्लास्टिक सोलून खाल्लंस. सहा वर्षं झाली, तू माझ्या हातचा घास तोंडात घातलेला नाहीस. आई सगळ्यांना सांगते, "त्याच्या पोटाचं काहीतरी बिघडलंय." मीही मान डोलावते. काय बिघडलंय ते तुला माहीत आहे आणि मलाही. आज मला ते लिहून टाकायचं आहे.

आधी बातमी सांगते. मंगळवारपासून मी तुरुंगाच्या स्वयंपाकघरात जात नाही. एकवीस वर्षं पहाटे चारला उठायची सवय, त्यामुळे जाग येतेच, मग नुसती ओट्यापाशी उभी राहते. आईला सांगितलं की सुट्टी घेतली आहे. ती म्हणाली, "मग माझे पडदे धुऊन टाक." पडदे धुतले.

झालं ते वार्षिक पाहणीच्या दिवशी. तुरुंग चालवणाऱ्या शेरीफच्या कचेरीचं वर्ष कसं असतं ते तुला ठाऊक आहे, पण मला ते नीट दिसलं या आठवड्यात. जानेवारीत अहवाल निघतो, गुळगुळीत कागदाचा, वर झेंडा आणि शेरीफ स्ट्रिकलिनचे दात. किती समन्स बजावली, रस्त्यावरून किती गाई हाकलल्या, गाड्या किती मैल धावल्या, कैद्यांना किती ताटं वाढली. ताटं गेल्या वर्षी दोन लाखांच्या वर होती. त्या आकड्याचा शेरीफला केवढा अभिमान! ताटात काय होतं त्याचा रकाना नाही. जुलैत मिरवणूक, त्यात उसन्या घोड्यावर बसून शेरीफ पोरांवर चॉकलेट-गोळ्या उधळतो. ऑक्टोबरात जत्रेत मांडव, डिसेंबरात खेळणीवाटप, दोन्हीकडे फोटो. आणि मे महिन्यात ग्रँड ज्युरीची पाहणी. तेवीस नागरिक, कुणी दुकानदार, कुणी मास्तरीण, कुणी कोंबड्या पाळणारा. वर्षातून एकदा तुरुंग बघायचा आणि काय दिसलं ते लिहून द्यायचं, असा कायदाच आहे. त्यांनी लिहिलेलं मग जानेवारीच्या अहवालात छापून येतं.

तर त्याआधीच्या आठवड्यात तुरुंगाला रंग देतात. मुताच्या वासावर रंगाचा वास चढतो आणि दोन्ही मिळून जे काही होतं ना, ते चार दिवस नाकातून जात नाही. तुंबलेलं गटार तेवढ्यापुरतं उपसतात. जे आजारी आहेत, किंवा तोंड गप्प ठेवत नाहीत, त्यांना "कोर्टाच्या कामासाठी" शेजारच्या काउंटीत दोन दिवस पाठवून देतात. उरलेल्यांतून बारा जण निवडतात. त्यांची दाढी करवतात, नवे कपडे देतात आणि पाहुण्यांच्या पंगतीला बसवतात. आणि स्वयंपाकघरातून मी बाहेर येते, पांढरा एप्रन घालून, गोड पाकातल्या पीचवर पिठाचा थर देऊन भाजलेला कॉबलर घेऊन.

त्या कॉबलरवर माझं नाव झालं, थर्मन. अहवालाच्या अकराव्या पानावर माझा फोटो असतो. खाली वाक्य असतं, "जेवण अगदी घरच्यासारखे आहे." चौदा वर्षं तेच वाक्य, शब्दही इकडचा तिकडे नाही. ते पान मी दरवर्षी कापून फ्रिजवर लावायची. लोक चर्चमध्ये थांबवून विचारायचे, "डेला, कॉबलरमध्ये काय घालतेस गं?" मी लाजायची. आता ते आठवलं की माझीच मला शिसारी येते.

रोज काय घालत होते ते कुणी विचारलं नाही. कुणाच्या तरी मेहुण्याच्या गोदामातून खोकी यायची, वरची तारीख खरवडून काढलेली. आत राखाडी-गुलाबी मांसाचा लगदा, उकळला की त्याला ओल्या कुत्र्यासारखा वास यायचा. घेवडा आंबलेला. आणि मक्याच्या कण्यांत किडे. एकशे ऐंशी माणसांच्या कण्या चाळत बसायला मला दोन बायका मिळत नव्हत्या. मी तुरुंगावरच्या कॅप्टन बोगनला दोनदा सांगितलं. तो म्हणाला, "मिस डेला, ते काही सुट्टीवर आलेले नाहीत." तिसऱ्यांदा मी सांगितलं नाही. मिरपूड घालायला लागले. भरपूर मिरपूड घातली की किडे दिसत नाहीत. ही अक्कल कॅप्टनची नव्हे, माझी. तू आत गेलास तेव्हा ती युक्ती बारा वर्षं जुनी झाली होती.

दारू पिऊन तू बॅप्टिस्ट चर्चच्या पाटीवर गाडी घातलीस, पाच महिन्यांची शिक्षा झाली, आणि मला खरं सांगायचं तर थोडं बरंच वाटलं. म्हटलं, पाच महिने दारूपासून लांब राहील, आणि जेवायला तरी बहिणीच्याच हातचं मिळेल. हे असं मी म्हणाले, आईला, तोंडाने. किडे मला माहीत होते आणि तरी म्हणाले. तू सुटलास त्या ख्रिसमसला मी सकाळी कण्या केल्या, लोणी घातलं, आणि सवयीने वरून मिरपूड भुरभुरली. तू ताटाकडे पाहिलंस, उठलास आणि मागच्या अंगणात जाऊन ओकलास. मी खिडकीतून पाहत होते. बाहेर आले नाही. आई म्हणाली, "पोट बिघडलंय." तिथून ते पोट सुरू झालं.

आता या मंगळवारचं ऐक. सोमवारी मी नेहमीप्रमाणे पस्तीस माणसांपुरती कोंबडी मुरवून ठेवली, कॉबलर भाजला. पाहणीच्या दिवसाची पांढरी ताटं वर्षभर कपाटात वर्तमानपत्रात गुंडाळलेली असतात, ती काढून पुसली. मंगळवारी सकाळी भांडी घासायला ग्रेडी आला. अडुसष्ट वर्षांचा म्हातारा, दात चार, दुसऱ्याचं हरीण मारलं म्हणून आत. बारांत त्याचं नाव नव्हतं. हात पुसत माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "मिस डेला, कॅप्टनला सांगून मला बसवा की. मी छान आहे म्हणेन. अगदी मन लावून म्हणेन. दोनदा म्हणेन, पाहिजे तर."

कोंबडीच्या एका तंगडीसाठी, थर्मन. आजोबा शोभेल असा माणूस माझ्यासमोर खोटं बोलायची तालीम करून दाखवत होता. "छान आहे, मॅम. छानच आहे." मी कॅप्टनला सांगितलं, त्याला बसवलं. मग स्वयंपाकघरात परत आले आणि मला घाणेरडं वाटायला लागलं. हात धुतले, पुन्हा धुतले. सगळीकडे तळलेल्या कोंबडीचा इतका सुंदर वास सुटला होता, आणि मला तो वासच सहन होईना.

मग मी काय केलं, तर मोठ्या पातेल्यातलं नेहमीचं मंगळवारचं जेवण त्या पांढऱ्या ताटांत वाढलं. लगदा, घेवडा, मिरपूड घातलेल्या कण्या. आणि सगळी कोंबडी, सगळा कॉबलर गाडीवर चढवून सी ब्लॉकला पाठवून दिला. तुझ्याच ब्लॉकला. तिथे चौतीस जण होते. एक तंगडी आणि मोठा चमचाभर कॉबलर मी ग्रेडीसाठी मागे ठेवला, कारण त्याचा यात काही दोष नव्हता. गाडी ढकलणारी पोरगी म्हणाली, "मिस डेला, हे चुकून तर नाही ना?" मी म्हटलं, "नाही गं बाई. चुकत होतं ते आजवर."

पंगत बसली. यंदा ज्युरीच्या प्रमुख मिस ऑगस्टा फेन होत्या, त्याच, पियानो शिकवणाऱ्या, ज्यांनी तुला तीन आठवड्यांत शिकवणीतून घरी पाठवलं होतं. त्यांनी काट्याने लगदा इकडून तिकडे केला. गाड्या विकणाऱ्या एका जाड्या गृहस्थाने घास घेतला आणि रुमालात काढला. चिलटं तेवढी आनंदात होती. कॅप्टन बोगनचं तोंड बिटासारखं लाल झालं. मिस फेननी ग्रेडीला विचारलं, "तुम्हाला रोज हेच मिळतं?" बाराच्या बारा जणांनी कॅप्टनकडे पाहिलं. ग्रेडीने बिचाऱ्याने ताटाकडे पाहिलं, कोंबडी कुठे गेली त्याला कळेना, पण शब्दाचा पक्का. म्हणाला, "छान आहे, मॅम. छानच आहे."

मी ओल्या हातांनी बाहेर आले. बोलायचं ठरवलं नव्हतं, पण बोलले. म्हटलं, "मॅम, हे मंगळवारचं जेवण आहे. एकवीस वर्षं दर मंगळवारी हेच असतं. फक्त तुम्ही येता तो मंगळवार सोडून. आणि ते काळं आहे ना, ती सगळी मिरपूड नाही." मिस फेननी चष्मा लावला, ताट जवळ ओढलं आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग चष्मा काढून मला विचारलं, "आणि शिजवतं कोण?" मी म्हटलं, "मी." त्या बाईंनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ना, ती माझ्यावर पडायलाच हवी होती. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

शेरीफने संध्याकाळी बोलावलं. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. खुर्ची ओढून दिली, पाणी दिलं, म्हणाला, "डेला, तुला आम्ही घरच्यासारखं वागवलं." पुन्हा तेच, घरच्यासारखं! मग एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. माझी तब्येत ठीक नव्हती, डोकं गरगरत होतं, फेकून द्यायचं अन्न चुकून ताटांत वाढलं गेलं, असं त्यावर लिहिलं होतं. "सोमवारपर्यंत सही करून आण. ऑगस्टमध्ये सन्मानाने निवृत्त हो, केक कापू, फोटो काढू, पेन्शनला कुणी हात लावणार नाही. नाही आणलीस तर मग मला ते किडे कुणाच्या स्वयंपाकघरात होते हेच लिहावं लागेल." आणि त्यात खोटं काय आहे? स्वयंपाकघर माझंच होतं. तो मला माझ्याच खऱ्याची भीती घालत होता आणि मी घाबरले. तीन दिवस तो कागद टेबलावर पडून होता. आईने विचारलं, "कसलं गं ते?" मी म्हटलं, वाणसामानाची यादी. बघ, जीभ अजून सवयीनेच चालते.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. सहा वर्षांपूर्वीच्या पाहणीला त्या बारांत तू होतास. मी खिडकीतून वाढत होते. तेव्हाच्या प्रमुखाने नेमकं तुलाच विचारलं, "काय बाबा, जेवण कसं असतं इथं?" तू मान वर केलीस आणि त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलंस. माझी नोकरी, आईचं औषध, फ्रिजवरची ती कात्रणं, सगळं तुला माहीत होतं. तू म्हणालास, "छान असतं, सर. माझी बहीण करते." सगळे हसले, कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. आणि मी काय केलं? बाहेर येऊन तुझ्या ताटात कॉबलरचा आणखी एक चमचा वाढला. बक्षीस दिल्यासारखा. तू तो खाल्लास, कारण सगळे बघत होते. तो तू माझ्या हातून घेतलेला शेवटचा घास. ग्रेडी माझ्यासमोर तालीम करत होता तेव्हा मला ऐकू येत होता तुझा आवाज. माझ्यासाठी तू खोटं बोललास आणि मी ते ऐकून खूश झाले, याची मला जेवढी किळस येते तेवढी त्या किड्यांचीही कधी आली नव्हती. हे शेवटचं पान उलटून बघ, थर्मन. तो शेरीफचाच कागद आहे, मी त्याच्या पाठीवर लिहिते आहे, आणि सहीची जागा कोरी आहे. त्यांना आता हा परत मिळायचा नाही. तुझ्याकडून मला काही नको, कुणापुढे जाऊन काही सांगायलाही नको. फक्त पुढच्या रविवारी ये. कॉबलर करणार नाही, तो आता जन्मात करणार नाही. घेवडा आणि मक्याचा पाव, आई करायची तसा. मिरपूड घरातून काढून टाकली आहे. एकच घास खा, आणि चांगला नसेल तर माझ्या तोंडावर सांग.

तुझीच,
डेला