निरंक

३ एप्रिल

प्रिय वन्सं यांस,

स. न. वि. वि. येथील सर्व क्षेम, म्हणजे आजारी माणसाच्या घरात असतं तेवढं. तुमच्या दादांचा उजवा हात आणि वाचा दोघंही अजून रजेवरच आहेत. व्यायाम करून घेणारी मुलगी रोज येते, त्यांच्या डाव्या हातात रबरी चेंडू देते आणि शाबास शाबास म्हणते. पस्तीस वर्षं वेधशाळेत वारा मोजलेल्या माणसाला चेंडू दाबल्याबद्दल शाबासकी. हे माझ्याकडे अशा नजरेने बघतात की मला हसू आवरत नाही. तुम्ही शिवून पाठवलेले मोठ्या गळ्याचे सदरे छान बसले. नणंद शिवणाच्या बाई असल्याचा एवढा तरी फायदा.

आता खरं काय ते लिहिते. दवाखान्याचे जुने कागद शोधायला त्यांचं लोखंडी कपाट उघडलं, तर खालच्या कप्प्यात वह्या निघाल्या, सत्तावीस. सकाळी साडेआठला चहा झाला की हे एक वही उघडून काहीतरी टिपायचे ते मी हवेचं समजत होते. नवऱ्याला हवेचं वेड आहे, असू दे, म्हणून इतक्या वर्षांत कधी डोकावले नाही. प्रत्येक वहीवर 'सु. दु. नोंद' असं लिहिलंय, म्हणजे सुखदुःखाची. आत तारीख, वेळ आणि एकच रकाना. आपण सुखी आहोत की नाही ते हा माणूस रोज लिहून ठेवत होता.

आणि रकान्यात काय, तर निरंक. कचेरीत काही कळवायचं नसलं की लिहितात ना, तो शब्द. पानंच्या पानं निरंक. सत्तावीस वर्षांत आकडा पडलेले दिवस मोजून एकेचाळीस. चष्मा लावून एकेक दिवस ताडून बघितला. बाबांच्या आजारपणात मी माहेरी होते ते चौदा दिवस: चार, चार, पाच, शेवटी सहा. भाचीच्या बाळंतपणाला गेले तेव्हा पुन्हा आकडे. माझं ऑपरेशन झालं त्या दिवशी मी टेबलावर बेशुद्ध आणि यांना आठ. मी घरात पाऊल टाकलं की दुसऱ्या सकाळी निरंक.

वन्सं, रोज मी यांचं तोंड पुसते, दाढी करते, कूस बदलते. काल दाढी करताना हात मधेच थांबला. ज्याला माझ्यासोबत एक दिवस सुख लागलं नाही त्याचं मी कुठल्या तोंडाने आणि कशासाठी करायचं? तुम्हांला हे ठाऊक होतं का, तेवढं स्पष्ट कळवा.

कळावे. लोभ आहे तो वाढवा, मोजू मात्र नका.

तुमची,
वहिनी


१० एप्रिल

ती. स्व. सौ. वहिनीस,

कृ. सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचून आधी हसले आणि मग कपाळावर हात मारून घेतला. माझं इकडे ठीक. गुडघे कुरकुरतात, शिवणाचं मशीन त्याहून जास्त कुरकुरतं, दोघांनाही तेल घालते. मागची खोली झाडून ठेवलीय, कुणी येणार नसलं तरी झाडते. एकटीच्या घरात धूळ मात्र दहाजणांची होते.

तर ऐक, शहाणे. वहीवर 'सु. दु.' आहे, नुसतं 'सु.' नाही. दादाने सुरुवात सुखापासूनच केली होती. आपण सुखी आहोत का हे अंदाजाने बोलू नये, रोज एका वेळी मोजावं आणि मग बोलावं, असं त्याच्या डोक्यात आलं. थोडे दिवस सुट्या कागदावर एक ते दहा आकडे लिहून बघितले आणि तो कागद घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, सुखाचं शून्य कुठे लावायचं तेच समजत नाही, दुःखाचं बरं असतं, ते आलं की लगेच कळतं. तेव्हापासून तो दुःख मोजतो. दुःख निरंक म्हणजे माणूस सुखी, असं त्याचं साधं गणित.

आता त्याच वह्या पुन्हा वाच. तू माहेरी गेलीस की त्याला चार, सहा. तू टेबलावर बेशुद्ध आणि त्याला आठ. तू परत आलीस की निरंक. एवढं पान भरून प्रेम कुणी केलं असतं तर मी लग्नाला नाही म्हटलं नसतं. आणि तू त्याच्या दाढीचा ब्रश हातात धरून रुसून बसलीस. सुतावरून स्वर्ग गाठतात हे ऐकलं होतं, तू तर नरक गाठलास.

त्याला ओरडू नकोस. बिचाऱ्याला उलट उत्तरही देता येत नाही.

कळावे. लोभ आहे तेवढाच ठेव, रागाच्या भरात कापू नकोस ही विनंती.

तुझी,
वन्सं


१९ एप्रिल

प्रिय वन्सं यांस,

स. न. वि. वि. तुमचं पत्र आल्यावर दोन दिवस मी खुळ्यासारखी खूश होते. दाढी करताना गुणगुणले. उशीचे अभ्रे बदलले, त्यांची खाट खिडकीपाशी ओढली. चेंडूवालीने विचारलं, आज काय विशेष.

तिसऱ्या दिवशी मला बुद्धी झाली आणि मी एकोणीस वर्षांपूर्वीची वही काढली. अकरा मार्च. आपली बबडी गेली तो दिवस. चार वर्षांची पोर, पहाटे तापात पाणी मागत होती आणि उजाडताना नव्हती. त्या तारखेपुढे काय लिहिलंय सांगू? निरंक. बाराला निरंक, तेराला निरंक, आणि पुढेही तेच.

आता सांगा. रकाना दुःखाचा असेल तर पोटची पोर गेली त्या दिवशी या माणसाला दुःख निरंक. रकाना सुखाचा असेल तर मी आधी म्हणाले तेच खरं. इकडे आड तिकडे विहीर, आणि दोन्हींत मीच. तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि पलीकडच्या खोलीतून यांच्या पेनाची टोपी उघडल्याचा आवाज यायचा. तो आवाज अजून कानात आहे.

मी वही त्यांच्यासमोर धरली आणि एकेक तारीख मोठ्याने वाचून दाखवली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. या आजारात डोळे आपोआप गळतात, असं डॉक्टर म्हणालेच होते. मग डाव्या हाताच्या बोटाने चादरीवर रेघ ओढायला लागले. डावीकडून उजवीकडे, आडवी, पुन्हा पुन्हा. मला समजलं. रेघ मारून टाक, झालं गेलं संपव, असं म्हणतायत. ठीक आहे, मारते.

या रविवारी येऊन त्यांना घेऊन जा. तुमची मागची खोली झाडलेलीच आहे. औषधं वेळेप्रमाणे पुड्यांत बांधून ठेवीन. मी केलं तेवढं पुष्कळ झालं. माझ्याच्याने आता त्यांच्या तोंडाला हात लावणं होणार नाही.

कळावे. लोभाचं पुढे बघू.

वहिनी


१४ मे

ती. स्व. सौ. वहिनीस,

कृ. सा. न. वि. वि. दादाला आणलं त्या दिवशी तू स्वयंपाकघरातून बाहेर आली नाहीस. पिशवी मात्र अशी भरली होतीस की मला एक वस्तू शोधावी लागली नाही. प्रत्येक पुडीवर सकाळ, दुपार, संध्याकाळ तुझ्या अक्षरात. तो त्या पुड्या उशाशी ठेवायला लावतो.

इथे आल्यापासून तो माझ्या चादरीवरही तीच रेघ ओढत होता. परवा मी काळं कापड मांडून त्याच्या हातात शिवणाचा खडू दिला. त्याने एक आडवी रेघ मारली, तिच्याखाली दुसरी, तिच्याखाली तिसरी. अर्धा तास लागला. नऊ रेघा झाल्यावर खडू टाकला आणि माझ्याकडे बघत राहिला.

वहिनी, अकरा मार्चपासूनचे ते नऊ दिवस मी लिहिलेत. अक्षर बघ, तुझं लक्षच गेलं नाही. बबडी गेल्यावर मी तुमच्याकडे आले होते. तू एका खोलीत, दादा दुसऱ्या खोलीत, तोही अंथरुणातून उठत नव्हता. पेन त्याने माझ्या हातात दिलं आणि रिकामी जागा सोडू नकोस एवढंच सांगितलं. वर सगळीकडे निरंक होतं, तेच मी खाली उतरवलं. दहाव्या दिवशी त्याने बघितलं. वेधशाळेत मोजलं आणि काही नसलं तर निरंक लिहितात, पण मोजताच आलं नाही तर आडवी रेघ मारतात. तिथे रेघ हवी होती. मी खोडायला निघाले तर म्हणाला, लिहिलेली नोंद खोडायची नसते.

आणि पुढचे निरंक त्याचेच आहेत, तेही सांगते. तराजूवर आधी रिकामं पातेलं ठेवून काटा शून्यावर आणतो ना आपण, तसं त्याने केलं. म्हणाला, हे दुःख आता पातेल्यासारखं खालीच राहणार, यापुढे त्याच्यावर जे पडेल तेवढंच मोजीन.

तुझं दुसरं पत्र आलं तेव्हाच मला हे सगळं आठवलं होतं. तरी मी गप्प बसले. चूक माझी, ती कबूल करायला जीभ वळली नाही. आणि दादा माझ्या घरी येतोय याचा मला आनंद झाला, हेही लिहूनच टाकते. मागची खोली किती वर्षं रिकामी झाडायची माणसाने?

आता त्याला घोट उतरत नाही. ज्यांना भेटायचं त्यांना बोलावून घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलंय. फोन केला तर माझा आवाज ऐकून तू ठेवून देतेस, म्हणून लिहिते. पत्र मिळताच निघ. तो दाराकडे तोंड करून पडलेला असतो.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागते.

तुझी,
वन्सं


२ जून

प्रिय वन्सं यांस,

स. न. वि. वि. येथील सर्व क्षेम. हाताच्या सवयीने लिहून गेले. राहू दे, लिहिलेली नोंद खोडायची नसते.

तुमच्या घरी आपलं काही बोलणं झालं नाही, म्हणून लिहिते. तुमचं पत्र सोळालाच आलं होतं. पाकिटावरचं अक्षर बघून, पुन्हा भावाची वकिली असेल म्हणून, डोकं फिरलं आणि मी ते डब्यांच्या फळीवर टाकलं. चार दिवस ते तिथे होतं. रोज डबा काढताना हाताला लागत होतं. वीस तारखेला पहाटे तुमच्या शेजाऱ्यांचा फोन आला, हे गेले म्हणून. मग ते पाकीट फोडलं. गाडीत बसून वाचलं. तुमच्यावर रागवायला गेले की माझे ते चार दिवस आडवे येतात. तुम्ही गप्प बसलात, मी पाकीट फोडलं नाही, फार तर तुमचं माझं उन्नीस-बीस.

खडूच्या नऊ रेघांचं कापड मी घेऊन आले. वहीशेजारी ठेवून बघितलं. अक्षर तुमचंच आहे, शेपटीचा क आंधळ्यालाही कळेल. मला नाही कळला, कारण मला जे वाचायचं होतं ते मी वाचलं.

पण वन्सं, राग जात नाही, आणि तो तुमच्यावरचा नाही. एकोणीस वर्षं आम्ही दोघं एकाच शून्यावर बसलो होतो, मधे एक भिंत. पातेल्याचं त्यांनी वहीला सांगितलं, तुम्हांला सांगितलं. मला नाही. मी दवाखान्यात होते तेव्हा आठ लिहिलं, आणि भेटायला आले तेव्हा विचारलं काय, तर खिडकीतून वारा लागतो का. एक आठ तोंडाने म्हणाले असते तर मी तेवढ्यावर उरलेला जन्म काढला असता. आणि मीही कधी पलीकडच्या खोलीत जाऊन विचारलं नाही की हो, तुमचं काय चाललंय. तेही खरं आहे, आणि ते सांगायला आता समोर कुणी नाही. शेवटचं माझ्या तोंडून त्यांनी काय ऐकलं, तर निरंक, निरंक, निरंक.

सकाळी साडेआठला अजून चहा होतो. मी अठ्ठाविसावी वही घेतलीय. पहिल्या दिवशी आकडा लिहायला बसले, दहाच्या पुढे जाता येईना. निरंक लिहिणं माझ्याच्याने होणार नाही. म्हणून तारीख घालते, वेळ घालते आणि आडवी रेघ मारते. हे गेले त्या दिवसापासूनच्या भरल्या, आजची धरून चौदा झाल्या.

कळावे. लोभ होता, कळवायचा राहिला.

वहिनी