चौथी बाटली

बाबा,

मी लवकर निघाले, तुम्हाला उठवलं नाही. कालचं दूध नासलं होतं, ते ओतून टाकलं. आजचं फ्रिजमध्ये आहे. गॅस बंद केलात की बटण डोळ्यांनी बघा, नाकाच्या भरवशावर राहू नका.

कोमट मिठाच्या पाण्याने नाक धुवून मगच स्प्रे मारा. वैद्यांच्या तेलालाही डॉक्टर हो म्हणालेत, तेव्हा ते लपूनछपून नाकात घालू नका. वास परत यावा म्हणून हुंगायच्या त्या चार बाटल्या मात्र संध्याकाळी मी आल्यावर.

एक तोंडावर सांगवेना. काल चौथ्या बाटलीत कॉफी नव्हती, नुसता कोरडा कापूस होता. तुम्हाला खरंच वास येतोय की माझं मन राखताय, ते मला बघायचं होतं. तुम्ही डोळे मिटून हुंगलंत आणि म्हणालात, "वा, आज तर चांगलाच येतोय!"

पाव भट्टीतून कधी काढायचा, हे तुम्ही जन्मभर नुसत्या वासावर सांगितलंत, आणि मी तुमची परीक्षा घेत बसले. चुकलंच माझं. रोज "आला का, आला का" करून तुम्हाला खोटं बोलायला मीच लावलं.

आज खरी कॉफी घालते. वास नाही आला तर नाही म्हणा. मी नुसतं झाकण लावेन.

तुमची धाकटी