दोन मिनिटांची घंटी

ताई,

तुझ्या हट्टापायी लेकीला शाळेनंतरच्या वादविवाद मंडळात घातलं. काल मैत्रिणींनी सिगारेट पुढे केली, तर म्हणाली, "धुराशिवाय मी आवडत नसेन, तर राहू दे." मी गल्लीभर कौतुक सांगत फिरलो.

आज तिला माझ्या स्कूटरच्या डिकीत सिगारेटचं पाकीट सापडलं.

"बाबा, बाजू मांडा. दोन मिनिटं."

मी कामाचा ताण सांगितला, तुझ्या स्वभावाचाही सांगितला. शेवटी म्हटलं, "अगं, ऑफिसात सगळेच ओढतात."

तिने पेल्यावर चमचा वाजवला. वेळ संपली. "धुराशिवाय तुम्ही त्यांना आवडत नाही का, बाबा?"

पाकीट तिच्याकडेच राहू दिलं.

हे पत्र पाठवणार नाही. तू म्हणशील, "बघ, मी सांगत नव्हते?" आणि तेव्हाही माझ्याकडे मुद्दा नसेल.

तुझा हरलेला धाकटा