कुठं ठेवलाय ते तरी सांगा

मंगळवार, संध्याकाळ

उद्या राधीच्या कॉलेजात लुटुपुटूचं कोर्ट भरणार. नात माझी, वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला. तिच्या वाट्याला अमेरिकेच्या अध्यक्षाची बाजू आलीय. कैद्याला कोर्टापुढं हजर करा असं म्हणायचा हक्क युद्धात तो थांबवू शकतो, हे तिनं पटवायचं. मला खुर्चीत बसवून म्हणाली, "आजोबा, तुम्ही जज्ज. विचारा कायबी."

मी विचारलं, "माणसाला कुठं ठेवलाय, ते घरच्यांना सांगायचं का न्हाय?"

पोर वही उघडून पानं चाळायला लागली. आणीबाणीत थोरल्या दादाला उचलून नेलं, तेव्हा आई भाकरीचा डबा घेऊन चौकीचौकीत फिरली होती, तेच माझ्या डोक्यात. पण नेमकं आजच असलं विचारायचं काय अडलं होतं माझं? ती नीट जेवलीसुद्धा नाही. दूध तरी प्यायली का?

आत्ता येऊन सांगून गेली, "कुठं ठेवलाय ते सांगायलाच पाहिजे, तेवढं मी उद्या कबूल करणार."

"मग हरशील की गं!"

"हरू दे की. तुम्ही गोळी घ्या बघू."

घेतली. तिनं जिंकावं असं फार वाटतं. आणि तेवढं कबूल करायला विसरू नये, असंही.